प्रतिसाद: बेलफास्टच्या भिंती

१९९८च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्टमधला कॅथलिक-प्रॉटेस्टंट वाद इतिहासजमा झाला, हे मत मला अर्धेच पटते. बंदुका बहुतांशी थंडावल्या हे खरे. पण कॅथलिक फॉल्स रोड आणि प्रॉटेस्टंट शँकिल रोड यांच्यामधली भिंत अजून उभी आहे, आणि तिच्यातली काही फाटके आजही रात्री बंद होतात.

आपल्या लोकांना ओळखीची वाटेल अशी एक जागा तिथे आहे : बॉम्बे स्ट्रीट. ऑगस्ट १९६९च्या दंगलीत या कॅथलिक गल्लीतली घरे जाळण्यात आली आणि त्यानंतर ब्रिटिश लष्कराने दोन वस्त्यांमध्ये जे तात्पुरते अडसर घातले, त्यांच्याच पुढे उंच भिंती झाल्या. घरे पुन्हा बांधली गेली, पण भिंतीला लागून असलेल्या परसांवर पलीकडून येणारे दगड-बाटल्या अडवण्यासाठी लोखंडी जाळ्या बसवल्या आहेत. म्हणजे कपडे वाळत घालायचे तेही पिंजऱ्यात.

२०२३पर्यंत सगळ्या भिंती पाडण्याचे उद्दिष्ट तिथल्या सरकारने २०१३मध्ये जाहीर केले होते, ते साधले नाही. याला केवळ सरकारी दिरंगाई म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण भिंतीलगत राहणाऱ्या अनेकांनाच ती हवी आहे. शिवाय बहुतेक मुले अजूनही आपापल्या समाजाच्या शाळेत जातात, आणि इंग्रजी ‘एच’ अक्षराचा उच्चार ‘हेच’ केला की ‘एच’, यावरूनही समोरच्याचा पंथ ताडला जातो.