अनुभव धागा: डोंगरात अडचणीच्या जागचं पाणी कसं काढलंत?

रानजाई
लेक उद्या रतनगडाला निघालाय. बाटल्या भरताना विचारत होता, "आई, वर टाक्यांना पाणी असेल ना गं?" आणि मला एकदम कात्राबाईची खिंड आठवली. रतनगडावरून हरिश्चंद्रगडाकडे चाललो होतो. थंडी सरत आलेली, वाटेतला ओढा ठणठणीत कोरडा. कुमशेतचे एक मामा वाट दाखवायला होते. म्हणाले, पाणी हाये, पण घळीत उतरावं लागंल. कारवीचे खुंट धरून बसत बसत उतरलो. पाणी होतं, पण कातळाला चिकटून नुसतं ओलं सरकत होतं. बाटलीचं तोंड टेकवलं की सगळं बाहेरून वाहायचं, आत थेंब जाईना. मामांनी लाल पडत आलेलं कुंभ्याचं रुंद पान तोडलं, देठाची बाजू कपारीत खुपसली, वर खडा ठेवला. पानाच्या टोकातून करंगळीएवढी धार! पुढे कुठेही झिरपणारं पाणी दिसलं की मी आधी पान शोधते.

तुम्ही कुठे, कसं काढलंत पाणी? लिहा सगळ्यांनी.

सह्यवाट
पान नसेल तर सुती नाडी. ओली करून एक टोक कपारीत अडकवायचं, दुसरं बाटलीत सोडायचं. पाणी नाडीवरून उतरतं. वेळ लागतो, पण रात्री लावून ठेवली तर सकाळच्या चहाची सोय होते.

भाकरतुकडा
उथळ डबक्यासाठी एक बाटली तिरकी कापून घ्या, पळी तयार. खालचा गाळ न ढवळता वरचं पाणी उचलता येतं. मग चार पदरी पंचातून गाळायचं. कुकर लावलाय, बाकीचं नंतर लिहिते.

आबा_जुन्नरकर
टाक्यांबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहितो. आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यकारभारावरच्या जुन्या ग्रंथात, आधी पाणी पाहून मग किल्ला बांधावा असं सांगितलंय, आणि पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, असंही. नाणेघाटातली टाकी तर सातवाहनांच्या काळातली. वाटसरूंसाठी दोन हजार वर्षांपूर्वी कोणी कातळ खोदला आणि आपण आज त्यातलं पाणी पितो, मला दर वेळी तिथे हात जोडावेसे वाटतात.
उन्हाळ्यात टाक्यातली पातळी खाली जाते, हात पोचत नाही. दोर आणि छोटी बादली न्या. बादली नसेल तर बाटलीच्या गळ्याला दोर बांधा आणि तळाशी दगड बांधा, नाहीतर ती नुसती तरंगते. टाक्यात उतरू मात्र नका. पाय घालू नका, साबण तर लांबच. मागून येणाऱ्याला तेच प्यायचंय.

कडेकपारी
+१ आबा. अलंगवर टाक्यात पोहणारे लोक पाहिलेत. सांगायला गेलो तर वाद घातला. फार वाईट वाटलं होतं.

पिठलंभात
ढाक बहिरीच्या गुहेतल्या टाक्यात भांडी असायची, स्वयंपाकासाठी. वापरायची, घासायची, परत ठेवायची. अजून आहेत का? आम्ही तिथे केलेल्या पिठल्याची चव घरी कधीच येत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, भूक जास्त होती रे तुला.

रानजाई
@पिठलंभात आई बरोबर आहे तुझी :)

मोखाडाकर
मी ट्रेकिंग करत नाही, पण हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यात बायका दरीत उतरून पाणी आणतात. काळ्या कातळात पाणी मुरायला जागाच कमी, सगळं वाहून खाली जातं. माझी आजी ओढ्याच्या वाळूत डवरा, म्हणजे पाण्यासाठी छोटा खड्डा, उकरायची. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, मग बसून राहायचं. हळूहळू नितळ पाणी पाझरतं. ते करवंटीने हंड्यात भरायचं, कारण तांब्या बुडेल एवढंही नसायचं. रात्री नंबर लागायचा. दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढताना ती कोणाशी बोलायची नाही, दम पुरावा म्हणून.
आजी आता नाही. गावात टँकर येतो, कधी येत नाही.
तुम्ही डोंगरात जाता ते चांगलंच आहे. पण वाडीजवळ डवरा दिसला तर आधी विचारा. तुमच्या चार बाटल्या म्हणजे कोणाचा तरी तासभर गेलेला असतो. आणि भांडी तिथे घासू नका, लांब येऊन घासा.

रानजाई
@मोखाडाकर खूप मनापासून लिहिलंत. आजींना नमस्कार. कुमशेतच्या मामांच्या घरीही असाच एक हंडा आमच्यासमोर ठेवला होता, "प्या पोटभर" म्हणून. तो कुठून आला असेल हे आज नीट कळतंय.

सह्यवाट
@मोखाडाकर 🙏 आमच्या ग्रुपला वाचून दाखवतो.

कोलोरॅडोचा_पाहुणा
मी सध्या अमेरिकेत. ग्रँड कॅन्यनमध्ये टोंटो ट्रेल म्हणून वाट आहे, पठारावरून जाते. नदी अधूनमधून खाली दिसत राहते, पण मध्ये 300 मीटरचा उभा कडा. घसा कोरडा आणि डोळ्यांसमोर नदी, फार छळतं ते. त्यामुळे एका ओढ्यापासून दुसऱ्या ओढ्यापर्यंतचा हिशोब करूनच निघायचं. नदीकाठी पोचलात तरी पाणी बहुतेकदा मातकट असतं, फिल्टर लगेच तुंबतो. भांड्यात घेऊन तुरटी फिरवायची, गाळ बसू द्यायचा, मग वरचं पाणी फिल्टर करायचं. आजोळी पावसाळ्यात हेच करायचे.

बर्फाळ
हिमालयात जाणाऱ्यांसाठी: बर्फ वितळून येणारे नाले दुपारनंतर फुगतात. पाणी भरायचं असो की नाला ओलांडायचा, सकाळी उरका. फिल्टर एकदा ओला झाला की रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, आतलं पाणी गोठलं की त्याच्या बारीक नळ्या फुटतात आणि बाहेरून कळतसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाई
तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. खळखळून उकळी फुटल्यावर 1 मिनिट ठेवा, 2000 मीटरच्या वर 3 मिनिटं. आपलं कळसूबाईच 1646 मीटर, त्यामुळे सह्याद्रीत एक मिनिट पुरे. क्लोरीनच्या गोळ्या टाकल्या तर पाकिटावर लिहिलाय तेवढा वेळ थांबा, बहुतेक अर्धा तास. आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जखमेतून शिरणारा जंतूंचा ताप) होऊ शकतो.

कडेकपारी
उन्हाळ्यात पाण्यावर आग्यामाश्याही येतात. धूर, अत्तर, आरडाओरडा, सगळं टाळा. पाणवठ्यावर गुपचूप जायचं, भरायचं, निघायचं.

पहिलाट्रेक
नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड करायचाय जानेवारीत. पाणी मिळेल का मध्ये?

आबा_जुन्नरकर
@पहिलाट्रेक मध्ये मिळेल असं धरूच नका. बेलपाड्यातून माणशी चार-पाच लिटर भरून निघा. पहिलाच ट्रेक असेल तर ही वाट नको, पाचनईकडून जा.

भाकरतुकडा
आले परत. तो पंचा नवीन नको, खळ असते. दोन-तीनदा धुतलेला घ्या. @रानजाई लेक कुठून चढतोय, साम्रदकडून का?

रानजाई
@भाकरतुकडा नाही, रतनवाडीकडून. शिड्यांची वाट.

पहिलाट्रेक
धन्यवाद आबा, पाचनई ठरलं. तुरटी किती टाकायची पण? चमचाभर?

डॉक्टरीणबाई
@पहिलाट्रेक नको नको! खडा पाण्यात दोन-तीनदा फिरवायचा आणि काढून घ्यायचा. मग अर्धा-एक तास भांडं हलवू नका.