बेसलाइन लाटांसारखी हलते, पीकचे क्षेत्रफळ घटले: कंडक्टिव्हिटी सेल बदलावा काय?

कूपनलिका_तपासनीस

नमस्कार. आमच्या प्रयोगशाळेत यवतमाळ आणि चंद्रपूर भागांतील कूपनलिकांच्या पाण्यातील फ्लोराइड, नायट्रेट आदी आयन आयन क्रोमॅटोग्राफवर (आयन स्तंभात वेगळे करून वाहकतेवरून मोजणारे उपकरण) तपासले जातात. इल्युअंट (नमुना स्तंभातून वाहून नेणारे द्रावण) ४.५ मिलिमोलर सोडियम कार्बोनेट आणि १.४ मिलिमोलर सोडियम बायकार्बोनेटचे आहे. सप्रेसर (मोजणीआधी इल्युअंटमधील सोडियम काढून त्याची वाहकता घटवणारा भाग) विद्युतप्रवाहावर चालणारा, पडद्याचा आहे आणि त्याला २० मिलिअँपिअर विद्युतप्रवाह दिला जातो. गेल्या दोन महिन्यांत पार्श्ववाहकता (इल्युअंटची स्वतःची उरलेली वाहकता) १९ वरून २७ मायक्रोसिमेन्सपर्यंत चढली, बेसलाइन (आलेखाची मूळ रेषा) साधारण सहा मिनिटांच्या अंतराने ०.०५ मायक्रोसिमेन्सने वरखाली होऊ लागली, आणि त्याच प्रमाण द्रावणाच्या फ्लोराइड पीकचे (आलेखावरील शिखराचे) क्षेत्रफळ सुमारे १७ टक्क्यांनी घटले. दुरुस्तीसाठी आलेल्या अभियंत्यांनी वाहकता मोजणारा सेल निकामी झाल्याचे सांगितले आहे. भारतीय मानक १०५०० नुसार फ्लोराइडची मर्यादा १.० मिलिग्रॅम प्रति लिटर आणि पर्यायी स्रोत नसल्यास १.५ असल्याने या दोन आकड्यांमधील नमुन्यांचे अहवाल आम्ही सध्या रोखून ठेवले आहेत.

स्तंभपाल

प्रथम सेलमध्ये हवेचा बुडबुडा नाही ना, हे पाहावे. सप्रेसरनंतर इल्युअंटमध्ये कार्बोनिक आम्ल असते आणि दाब एकदम उतरला की त्यातून वायू सुटतो. इल्युअंट नीट डीगॅस करून (विरघळलेला वायू काढून) पाहा.

जुना_विश्लेषक

बुडबुड्याने उठणारे काटे अनियमित असतात. सहा मिनिटांची ठरावीक लाट बुडबुडा सहसा देत नाही. पंपाची लाटही नव्हे, कारण पिस्टनचे आवर्तन काही सेकंदांत पूर्ण होते. खात्री करायची असल्यास इल्युअंटचा प्रवाहदर निम्मा करून पाहावा: लाटेचा कालावधी दुप्पट झाला तर दोष पंपाकडे, आहे तसाच राहिला तर तो बाहेरून येत आहे. माझा संशय वातानुकूलन यंत्रावर आहे. द्रावणाची वाहकता तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे २ टक्क्यांनी बदलते; २७ मायक्रोसिमेन्सच्या पार्श्वभूमीवर ते ०.५४ होतात, म्हणजे आपली ०.०५ ची लाट अंशाच्या जेमतेम दहाव्या भागाने उठू शकते. सेलचे तापमान नियंत्रित असले तरी सप्रेसरपासून सेलपर्यंतची नळी बहुधा उघडीच असते.

आपण प्रवाहदर मात्र लिहिलेला नाही. तो अलीकडे बदलला आहे काय?

कूपनलिका_तपासनीस

होय. नमुने वाढल्यामुळे दोन महिन्यांपूर्वी मिनिटाला १.० मिलिलिटरवरून १.२ केला. कॅलिब्रेशन त्याच वेळी नव्याने केले होते. क्षेत्रफळांची तुलना मात्र मी जुन्या नोंदवहीशी केली.

जुना_विश्लेषक

मग १७ टक्क्यांची घट हा दोषच नाही. हा डिटेक्टर संहतीला प्रतिसाद देतो, त्यामुळे प्रवाहदर वाढला की पीक सेलमधून लवकर निघून जाते आणि क्षेत्रफळ त्याच प्रमाणात उतरते. १ भागिले १.२ म्हणजे ०.८३, आपली घट नेमकी तेवढीच आहे. सेल निकामी असता तर आकडा इतका चोख जुळला नसता.

आता पार्श्ववाहकता. आपल्या इल्युअंटमध्ये सोडियम ४.५ च्या दुप्पट अधिक १.४, म्हणजे १०.४ मिलिमोलर आहे, आणि ते सर्व सप्रेसरला काढून टाकावे लागते. मिनिटाला एक मायक्रोमोल सोडियमसाठी सिद्धांतानुसार १.६१ मिलिअँपिअर लागतात. पूर्वीच्या १.० च्या प्रवाहदराला १६.७ पुरत होते, म्हणून २० वर काम निभावले, १.२ ला किमान २०.१ हवेत आणि कोणताही सप्रेसर शंभर टक्के कार्यक्षम नसतो. किमान आकड्याच्या दीडपट, म्हणजे ३० च्या आसपास विद्युतप्रवाह ठेवावा. उत्पादकाच्या पुस्तिकेतील कमाल मर्यादा आधी पाहून घ्यावी. पंप थांबवण्यापूर्वी सप्रेसरचा विद्युतप्रवाह आठवणीने बंद करावा, नाहीतर पडदा तापून खराब होतो. घाईत ही चूक मी स्वतः केली आहे.

स्तंभपाल

बुडबुड्याचा माझा अंदाज चुकला. पण विद्युतप्रवाह वाढवूनही वाहकता उतरली नाही, तर कूपनलिकांच्या पाण्यातील लोह पडद्यावर साचले आहे काय, हे तपासावे.

कूपनलिका_तपासनीस

विद्युतप्रवाह ३० केल्यावर तासाभरात वाहकता २० मायक्रोसिमेन्सवर आली आणि रात्रभर तेथेच राहिली. वातानुकूलन यंत्राचा झोत थेट उपकरणावर येत होता. पुठ्ठ्याचा आडोसा लावल्यावर लाट जवळजवळ नाहीशी झाली. सेलची मागणी रद्द केली आहे. रोखलेले नमुने नव्या कॅलिब्रेशनवर उद्या पुन्हा चालवणार आहे.