हार्बेथ पी३ईएसआरसाठी अँप्लिफायर : २० वॅटचा क्लास ए घ्यावा की १५० वॅटचा?

नमस्कार मंडळी,

पुण्यातील आमच्या घरी अकरा बाय चौदा फुटांच्या खोलीत हार्बेथ पी३ईएसआर हे स्पीकर आहेत आणि ते बदलण्याचा माझा विचार नाही. बदलायचा आहे तो त्यांना जोडलेला ४५ वॅटचा जुना अँप्लिफायर. दिवसा त्याच्याविषयी तक्रार नसते; परंतु रात्री दहानंतर शेजाऱ्यांसाठी आवाज कमी केला, की तानपुऱ्याची जवारी पुसट होते आणि डग्ग्याचा घुमारा जाऊन नुसता ठोका उरतो. कमी आवाजात खर्ज आपल्या कानालाच कमी ऐकू येतो हे मला ठाऊक आहे, त्यामुळे सगळे खापर मी अँप्लिफायरवर फोडत नाही. मात्र नॉब घड्याळातल्या आठच्या जागेखाली नेला, की मल्लिकार्जुन मन्सूर मधोमध बसून गायचे सोडून उजव्या स्पीकरकडे सरकतात, हा दोष कानाचा नव्हे. व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरचे (नॉबमागच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या रोधकाचे) डाव्या-उजव्या बाजूंचे दोन ट्रॅक अगदी खालच्या टप्प्यात जुळत नाहीत, असे मला वाटते.

पुष्कळ वाचून दोन नावे उरली आहेत आणि दोन्ही जुनी, चांगल्या स्थितीतली घ्यावी लागतील. पहिला लक्समनचा एल-५५०एएक्स मार्क २ : शुद्ध क्लास ए (ज्यात आवाज असो वा नसो, आतून वीज सतत वाहत राहते), ८ ओहमच्या स्पीकरला २० वॅट. दुसरा हेगेलचा एच१९० : ८ ओहमला १५० वॅट. दोहोंत व्हॉल्यूम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालत असल्याने डाव्या-उजव्याचा घोळ तरी मिटेल. लक्समनमध्ये फोनो स्टेज (रेकॉर्ड प्लेअरचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) आणि टोन कंट्रोल आहेत. माझा रेगा प्लॅनर ३ हा रेकॉर्ड प्लेअर त्याला थेट जोडता येईल. हेगेलला फोनो स्टेज वेगळी घ्यावी लागेल, पण त्यात डॅक (डिजिटल संगीताचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा भाग) आहे.

अडचण वॅटची आहे. या स्पीकरची संवेदनशीलता (एका वॅटला एका मीटरवर मिळणारा आवाज) केवळ ८३.५ डेसिबल. माझ्या हिशेबाने २० वॅटला एका मीटरवर सुमारे ९६ डेसिबल मिळतात आणि १५० वॅटला १०५. म्हणजे साडेसात पट ताकदीने जेमतेम नऊ डेसिबलची भर पडते. मी आठ फुटांवर बसतो आणि रात्री एक वॅटसुद्धा लागत नसावा, त्यामुळे माझा कल लक्समनकडे आहे. तरीही दिवसा कधी पखवाज मोठ्याने लावला, तर थापेच्या क्षणी २० वॅट अपुरे पडतील का, हे कागदावरून ठरत नाही. एका दुकानात ऐकायला गेलो, तर तिथे गालिचे अंथरलेली प्रशस्त खोली आणि दुसरेच स्पीकर होते. आमच्याकडे उघड्या फरश्या आहेत.

दुसरी शंका उष्णतेची. क्लास ए गाणे वाजो न वाजो तापतच राहतो आणि आमच्या खोलीत एसी नाही. एप्रिल-मे महिन्यांत असा अँप्लिफायर रोज तीन-चार तास वापरणाऱ्यांनी वर किती जागा मोकळी सोडली आहे?

लक्समन जपानहून आणण्याची तयारी एका नातेवाइकांनी दाखवली आहे, पण तिथला संच १०० व्होल्टचा असतो. २३० व्होल्टवर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून तो वर्षानुवर्षे वापरणारे कोणी असल्यास, ट्रान्सफॉर्मर किती व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर क्षमतेचा) घेतला आणि त्याची गुणगुण रात्रीच्या शांततेत ऐकू येते का, हे कृपया कळवावे. तशी गुणगुण येणार असेल, तर हा पर्याय मी सोडून देईन.