क्युबेकच्या शेतकरी पणजोबांचा माग कसा काढायचा? सल्ला हवाय

माहेरवाशीण:
नमस्कार मंडळी, मी मॅसॅच्युसेट्सला असते. नवरा इथलाच, पण त्याचे पणजोबा कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेक प्रांतातून इथल्या लॉवेलच्या कापड गिरणीत कामाला आले होते. माझ्या माहेरची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत सापडली, तेव्हापासून लेक विचारतेय, बाबाची वही कुठाय? सासऱ्यांना एवढंच माहितीये की घरी शेती होती. १९०० च्या अमेरिकन शिरगणतीत आडनाव ग्रीनवुड, जन्म 'कॅनडा, फ्रेंच', बास. गावाचं नाव नाही. दोन आठवडे क्युबेकच्या साइट्सवर ग्रीनवुड शोधतेय, काहीच नाही. कुठून सुरुवात करू?

जुनी_पानं:
ग्रीनवुड शोधूच नका. बहुतेक ते ब्वाव्हेर असणार, ब्वा म्हणजे रान आणि व्हेर म्हणजे हिरवं. गिरणीच्या गावांत कित्येक आडनावं अशी भाषांतर होऊन बसली, लब्लांचा व्हाइट झाला, र्वाचा किंग झाला. शिवाय तिकडे 'दी' नावाचं प्रकरण असतं, म्हणजे आपलं ऊर्फ. १६६५ ला फ्रान्सहून आलेल्या पलटणीतल्या शिपायांना टोपणनावं असायची, पुढे एक भाऊ मूळ आडनाव लावतो, दुसरा ऊर्फवालं, त्यामुळे दोन्ही शोधा.

आणि आत्ताच क्युबेकात उडी मारू नका, आधी लॉवेलमधली लग्नाची नोंद काढा. मॅसॅच्युसेट्सच्या नोंदीत दोघांच्या आईवडिलांची नावं असतात, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट बघता येतं. ती मिळाली की आईवडिलांचं लग्न क्युबेकच्या चर्चच्या वह्यांत, त्यात परत दोन्हीकडचे आईवडील आणि बहुतेकदा गाव, असं लग्नावरून लग्नावर मागे जायचं. बायका कागदोपत्री मरेपर्यंत माहेरच्या आडनावाने असतात, तुम्हाला आवडेल हे, आणि त्यामुळे शोधणं खूप सोपं होतं. वह्या दोन प्रतींत लिहायचे, एक चर्चला, एक कोर्टाला, म्हणून एक जळाली तरी धीर सोडू नका. १८५० च्या आधी पोचलात की माँट्रियल विद्यापीठाचा पीआरडीएच नावाचा जुन्या नोंदींचा डेटाबेस घ्या, पैसे पडतात पण तिथे कुटुंबंच्या कुटुंबं जोडून ठेवलीयत.

गावरान_पाटील:
शेती होती ना, मग १८७१ ची कॅनडाची शिरगणती सोडू नका. त्यात शेतीचे वेगळे तक्ते आहेत, जमीन किती, गुरं किती, मेपलची साखर किती पौंड, सगळं.
पण खरा खजिना नोटरीच्या कागदांत, तिकडे जमिनीचे नि लग्नाचे करार नोटरीच लिहायचा. आमच्या जावयाच्या घराण्यातलं एक बक्षीसपत्र वाचलंय मी, म्हाताऱ्याने शेत धाकट्याच्या नावावर केलं आणि बदल्यात लिहून घेतलं, वर्षाला इतका गहू, एक पोसलेलं डुक्कर, एक दुभती गाय आणि ती मेली तर दुसरी, जळण फोडून दारात आणून द्यायचं, आजारपणात डॉक्टर न् पाद्री गाडीने आणायचे आणि परत पोचवायचे, मेल्यावर मिसा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थना. वाचताना मला आमच्या आज्याचं घर दिसत होतं हो.

माहेरवाशीण:
मिळालं!! काल रात्री लॉवेलची नोंद सापडली, वराचे वडील ब्वाव्हेरच. त्यांचंही लग्न एका क्युबेकच्या वहीत दिसलं, तारीख आकड्यांत नाही, सगळी अक्षरांत लिहिलेली, नावापुढे 'कुल्तिव्हातर' म्हणजे शेतकरी ना? आणि खाली लिहिलंय की नवरा-नवरीला सही करता येत नाही. लेकीने तो फोटो झूम करकरून पाहिला. आता पाटील, त्यांचा नोटरी कोण ते कसं कळायचं?

गावरान_पाटील:
हो, शेतकरीच. त्या गावात आणि शेजारच्या गावांत त्या काळी कोण कोण नोटरी होते त्यांची यादी काढा. लग्नाच्या आदल्या काही दिवसांत नोटरीपुढे लग्नाचं करारपत्र व्हायचं, तिथून सुरू करा. क्युबेकच्या सरकारी ग्रंथालय-अभिलेखागाराच्या साइटवर बऱ्याच नोटरींच्या अनुक्रमणिका फुकट आहेत. अक्षर लागलं नाही तर इथे टाका, बसून वाचू.