परिचारिका दिनाच्या रस्सीखेचीत गुडघा गेला, ही ड्युटीवरची दुखापत धरतात का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कामगार कायद्याचे जाणकार किंवा हॉस्पिटलमध्ये नोकरी करणारं कोणी असेल तर कृपया सांगा.

माझी धाकटी बहीण रत्नागिरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. 12 मेला परिचारिका दिनानिमित्त हॉस्पिटलने भाट्ये किनाऱ्यावर स्टाफचे खेळ ठेवले होते. रस्सीखेचीत ती सगळ्यात मागे होती, दोर कमरेभोवती घेऊन. समोरून हिसका बसला, ओल्या वाळूत रुतलेला पाय तिथेच राहिला आणि अंग फिरलं. गुडघ्यात कट्‌कन आवाज आला म्हणते. संध्याकाळपर्यंत टम्म सूज. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध, लिगामेंट) पूर्ण फाटल्याचं निघालं. ऑपरेशन सांगितलंय आणि पुढे कित्येक महिने व्यायाम. आयसीयूत पेशंटची कूस बदलायची, उचलून स्ट्रेचरवर घ्यायचं, हे तिला इतक्यात जमणार नाही.

एचआर म्हणतं, खेळ ऐच्छिक होते, आजारपणाची रजा संपली की बिनपगारी. पण ड्युटी चार्टवर त्या दिवशी तिच्या नावापुढे 'स्पोर्ट्स' लिहिलंय, हजेरी धरलीय, न्यायला गाडी हॉस्पिटलची होती आणि ग्रुपवर मेट्रनबाईंचा मेसेज आहे, 'सर्वांनी यायचंच आहे'. याला ऐच्छिक कसं म्हणायचं? साधी सुई टोचली तरी इन्सिडेंट रिपोर्ट भरतात, याचा भरलाच नाही. केसपेपरवर नुसतं 'खेळताना पडून' आहे, आणि ती तर पडलीच नव्हती.

1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात 'नोकरीमुळे व नोकरीच्या ओघात' झालेला अपघात असे शब्द होते, त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आहेत. दाव्याला मुदत 2 वर्षांची. पगार 21,000 च्या आत असूनही स्लिपवर ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात नाही, ते वेगळंच.

तर, मालकाने ठेवलेले खेळ 'नोकरीच्या ओघात' धरले गेल्याचा कोणाला अनुभव आहे का? कायद्याला जोडलेल्या कामांच्या यादीत नर्स बसते का? केसपेपरवरची नोंद आता दुरुस्त करून मिळते का? आणि लेखी नोटीस आधी हॉस्पिटलला द्यायची की थेट कामगार आयुक्तांकडे जायचं? ऑपरेशनला कोल्हापूरला जायच्या आधी नोटीस हातात पडावी अशी माझी इच्छा आहे. ती मात्र नोकरी जाईल म्हणून घाबरलीय, त्यामुळे नोकरी न सोडता असा दावा केलेलं कोणी असेल तर जरूर लिहा.