मदत हवी आहे: माजाळीच्या घराचा पत्रा वादळात उडू नये म्हणून काय करावं?

खानापूरकर:
आत्याचं घर कारवारजवळ माजाळीला, समुद्राला अगदी लागून. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी. कौलं उतरवून लोखंडी कैच्यांवर (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) पत्रा घालायचा आहे. काम बेळगावचा फॅब्रिकेटर करणार. तो म्हणतो, ०.५ ऐवजी ०.८ मिमीचा पत्रा घाला, हलणार नाही. बरोबर आहे का? तौक्ते चक्रीवादळ (२०२१) मे महिन्यातच आलं होतं, त्यामुळे एप्रिलअखेर काम उरकायचं आहे.

चिरेबंदी:
जाडीवर पैसे घालू नका. ह्या किनाऱ्यावर डिझाईनला वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, म्हणजे ताशी १४० किमी. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण ९३ किलो. दहा बाय तीन फुटी पत्र्यावर वरच्या दिशेनं अडीचशे किलोंची ओढ, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन १२-१३ किलो! ०.८ चा घेतलात तर २० होईल, बस्स. वळचण, आढं आणि कोपरे इथं ओढ याहून बरीच जास्त असते. पत्रा सुटतो तो तिथूनच: स्क्रूभोवतीचं भोक फाटतं, कड उचकटते, वारा आत शिरतो आणि शेजारचा पत्राही जातो.

पर्लिन (कैच्यांवरचे आडवे लोखंडी वासे, ज्यांना पत्रा स्क्रूनं बसतो) मधल्या भागात ३ फुटांवर, वळचणीला आणि आढ्याला २ फुटांवर घ्या. चारी कडांना पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मध्ये एकाआड एक. रबरी वायसर किंचित फुगला की थांबायचं. जास्त आवळला तर पत्रा दबून खळगा पडतो आणि गळती तिथूनच सुरू होते. खाऱ्या हवेसाठी स्क्रू हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) मागा. पत्रा ग्राइंडरनं कापू देऊ नका, ठिणग्यांनी जस्ताचा थर जळतो. कातरीनं कापून कडेला झिंक पेंट मारा.

खानापूरकर:
कैच्या भिंतीवर नुसत्या टेकवणार असं दिसतंय. भिंतीवर काँक्रीटचा पट्टा नाही.

घाटमाथा:
मग आधी तेच काम. पत्रा घट्ट आणि कैची मोकळी असेल तर अख्खं छप्परच उचललं जाईल. भिंतीच्या माथ्यावर सगळीकडून सलग ६ इंची पट्टा ओता, १० मिमीच्या चार सळ्या, ६ इंचांवर रिंगा. प्रत्येक कैचीखाली १२ मिमीचे दोन बोल्ट ओततानाच बसवा. नंतर ड्रिल मारून बसवलेल्यांवर माझा भरवसा नाही. कोपऱ्यांत आणि कैच्यांखाली पट्ट्यातून सळी खाली भिंतीत ३ फूट न्या, चिऱ्यात खाच काढून काँक्रीट भरा, म्हणजे भिंतीचं वजन छपराला धरून ठेवतं.

पडवीचं छप्पर वेगळं ठेवा. मुख्य पत्राच पुढे ओढून पडवी केली, तर वारा खालून भरतो आणि पडवी जाताना घराचं छप्परही घेऊन जाते. वळचण भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त नको.

आपल्याकडे घाटावर खानापूर-जांबोटीला वादळ पोचतं ते मुख्यतः पाऊस होऊन, म्हणून इथल्या कारागिराचं सगळं लक्ष गळतीवर असतं. उचल म्हणजे काय, वारा छप्पर वर कसं ओढतो, हे त्याला कागदावर काढून दाखवा.

चिरेबंदी:
पत्र्यावर चिरे किंवा टायर ठेवू नका, वाऱ्यात ते दुसऱ्याच्या घरात जातात. हवामान खात्याचा चक्रीवादळाचा इशारा साधारण ४८ तास आधी येतो. तेवढ्यात सैल स्क्रू बदलणं, खिडक्यांना बाहेरून १२ मिमी प्लायवूड मारणं, छपरावर झुकलेल्या माडाचे सुके झाप आणि नारळ उतरवणं, एवढं होतं. वारा सुटल्यावर कुणालाही छपरावर चढू देऊ नका.