मदत हवी आहे : ओंकार-भ्रामरीनंतर उजव्या कानात सुरू झालेला आवाज थांबत नाही

भरती_ओहोटी

नमस्कार. मी रत्नागिरीजवळ राहतो. रोज सकाळी प्राणायाम, त्यानंतर ओंकार आणि शेवटी भ्रामरी (भुंग्यासारखे गुणगुणणे) असा माझा नेम आहे आणि त्याने मला पुष्कळ बरे वाटते, हे आधीच नमूद करतो. मात्र पावसाळ्यापासून उजव्या कानात एक आवाज येऊ लागला आहे. सुरुवातीला तो साधनेला बसल्यावरच जाणवायचा. आता तो दिवसभर असतो आणि निजायला टेकलो की इतका वाढतो की झोप लागत नाही.

आमच्या वर्गातील एका ज्येष्ठ साधकांनी हा अनाहत नाद, म्हणजे आघाताशिवाय आतून उमटणारा आवाज, असून तो भाग्यवंतांनाच ऐकू येतो, तेव्हा साधना वाढवा, असे सांगितले. घरच्यांनी सगळे बंद करा म्हणून धोशा लावला आहे. मला एवढेच जाणून घ्यायचे आहे की ओंकार चालू ठेवावा की बंद करावा. 'गुरूच्या देखरेखीखाली करावे' या छापाची उत्तरे कृपया देऊ नयेत. रविवारी वर्गात मला काहीतरी सांगावे लागणार आहे, म्हणून लवकर कळवावे.

सुरंगी

आपण आवाजाखेरीज काहीच सांगितलेले नाही. वय किती? आवाज शिट्टीसारखा एकसुरी आहे, की नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक करतो? त्या कानाने कमी ऐकू येते का, चक्कर येते का? रक्तदाब आहे का, औषधे कोणती चालू आहेत? आणि 'प्राणायाम' म्हणजे नेमके काय काय करता? मी श्रवणचाचणीचे काम करते, त्यामुळे हे प्रश्न मला रोजच विचारावे लागतात. यांच्या उत्तरांशिवाय चालू किंवा बंद यांपैकी काहीही सांगणे म्हणजे अंधारात गळ टाकण्यासारखे होईल.

कातळशिल्प

आपण रत्नागिरीजवळ राहता आणि पावसला जात नाही, याचे मला आश्चर्य वाटते. स्वामी स्वरूपानंदांनी (१९०३–१९७४) नाथसंप्रदायातील सोऽहं साधना तेथेच राहून सांगितली. श्वास आत येताना 'सो' आणि बाहेर जाताना 'हं' होतो, तो केवळ पाहावयाचा असतो. आवाज काढायचा नाही, नाक दाबायचे नाही, कान बंद करायचे नाहीत. परंपरेने दिवसरात्रीचे २१,६०० श्वास मोजले आहेत, म्हणजे मिनिटाला १५ होतात, आणि हा जप न जपता चालतो म्हणून त्याला अजपा म्हणतात. माझ्या वडिलांचा दमा आणि माझी चिडचिड या दोन्हींना यानेच उतार पडला. ओंकार सोडून द्या आणि हे धरा.

जुना_मास्तर

कातळशिल्प, त्यांनी विचारले काय आणि आपण सांगता काय? मूळ प्रश्न नादाचा आहे. हठप्रदीपिका या हठयोगावरील ग्रंथाच्या चौथ्या उपदेशात (प्रकरणात) नादानुसंधान, म्हणजे आतल्या नादावर मन लावणे, सविस्तर आले आहे आणि तेथे नाद उजव्या कानात ऐकावा असे स्पष्ट म्हटले आहे. कोणते आवाज येतात त्याचा क्रमही दिला आहे : आरंभी समुद्र, मेघ, भेरी आणि झर्झर, मध्यावर मर्दल, शंख, घंटा आणि काहल, शेवटी किंकिणी, वेणू, वीणा आणि भ्रमर. त्यामुळे ज्येष्ठ साधकांचे म्हणणे निराधार आहे असे घाईने म्हणू नये. आपला आवाज यांपैकी कशासारखा आहे, ते आधी सांगावे.

माडबन

ओंकार कोणत्या पट्टीत म्हणता? बहुतेक लोक फार उंच धरतात आणि मग गळा व कपाळ ताणले जाते. पुरुषांना सहसा पेटीची काळी एक सोयीची पडते, पण जमत नसेल तर आणखी खाली उतरावे. तंबोऱ्याचे ॲप लावून षड्ज धरावा, 'अ' आणि 'उ' आखूड ठेवून मकार ('म्') लांबवावा. मी कित्येक वर्षे भजनी मंडळात पेटी वाजवतो, म्हणून खात्रीने सांगतो.

भरती_ओहोटी

मी पट्टी विचारलेली नाही. वय ५२. आवाज बारीक शिट्टीसारखा आहे आणि एकाच सुरात सलग चालतो, ठोके नाहीत. रक्तदाबाची गोळी आहे, पण प्राणायामाने बरे वाटू लागल्यापासून मी ती अर्धीच घेतो. क्रम असा आहे : भस्त्रिका, कपालभाती (दोन्ही जोरजोरात, भराभर श्वासाचे), मग १:४:२ या प्रमाणात (घेणे, कोंडणे, सोडणे) आलटून पालटून नाकपुड्यांनी अनुलोम-विलोम, ओंकार, आणि अंगठ्यांनी कान घट्ट बंद करून भ्रामरी. भस्त्रिकेनंतर ओठांना व बोटांना मुंग्या येतात, ती प्राणशक्ती जागी झाल्याची खूण आहे असे वर्गात सांगतात. आता कोणी सरळ उत्तर देईल का? कान दाखवायला जाण्यास मला रविवारखेरीज सवड नाही, कारण बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर माझी रात्रपाळी असते आणि सकाळी घरी आलो की आधी साधना, मग झोप, असा दिवस जातो.

सुरंगी

कॉम्प्रेसरचा उल्लेख पहिल्याच वाक्यात यायला हवा होता! तेथे कानांवर काही लावता का? कामाच्या जागी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही साधारण सावधगिरीची मर्यादा धरतात आणि त्यापुढच्या आवाजात वर्षानुवर्षे काढल्यास आतल्या कानातील केसासारख्या पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. चाचणीत ही हानी बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास प्रथम दिसते आणि सोबत नेमकी अशीच बारीक, एकसुरी शिट्टी ऐकू येऊ लागते. बोटींच्या इंजिनावर काम केलेले लोक हीच तक्रार घेऊन आमच्याकडे येतात. त्यांच्यापैकी अनेकांनी आयुष्यात एकदाही ओंकार केलेला नसतो.

कान घट्ट बंद केले की बाहेरचे आवाज थांबतात, शरीरातले आवाज मोठे वाटतात आणि असलेली शिट्टी प्रथमच ठळकपणे लक्षात येते. ती साधनेला बसल्यावर 'सुरू झाली' असे आपल्याला वाटले, यात म्हणूनच नवल नाही. मात्र यंत्राच्या आवाजाने सहसा दोन्ही कानांना त्रास होतो. आपल्याला तो एकाच कानात आहे, म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासणे आवश्यक आहे. कधी नुसता मळही असतो. अचानक ऐकू येईनासे झाले किंवा गरगरू लागले, तर रविवारची वाट पाहू नये.

देवगडी

माझी काळजी कानापेक्षा रक्तदाबाची आहे. आपण गोळी अर्धी करून त्यावर १:४:२ चा कुंभक करता! चार मात्रा श्वास कोंडणे हे रक्तदाब असलेल्या माणसाचे काम नव्हे. भस्त्रिका आणि कपालभातीही उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया किंवा फिट्स असलेल्यांना करू देत नाहीत. मुंग्यांचे म्हणाल, तर भराभर श्वास सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोके हलके होते आणि ओठ व बोटे चुणचुणतात. त्यात जागे होण्यासारखे काही नाही. त्यातून आपण रात्रभर जागून, थकलेल्या अंगाने हे करता.

कातळशिल्प

म्हणूनच मी सोऽहं म्हणत होतो. त्यात कोंडणे नाही, घाई नाही.

माडबन

ओंकाराला उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. स्वीडनमधील संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले की शांतपणे श्वास सोडण्याच्या तुलनेत गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड सुमारे पंधरापट वाढतो. मकार म्हणजे गुणगुणणेच आहे. इटलीत २००१ साली जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणिपद्मे हुं' यांचा अभ्यास झाला, त्यात दोन्हींनी श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येऊन रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारल्याचे आढळले. असा ओंकार बंद का करावा? आणि ओंकार नकोच असेल तर अथर्वशीर्ष म्हणावे, कोकणात ते कोणाला येत नाही? त्यातही 'नादः संधानम्' आहेच.

देवगडी

माडबन, गुणगुणण्याने सायनसमध्ये हवा खेळते, एवढेच पहिल्या अभ्यासावरून म्हणता येते. कानाची मेलेली पेशी त्याने जिवंत होत नाही. दुसऱ्या अभ्यासाचा गुण संथ श्वासाचा आहे, त्यामुळे तो जपमाळेलाही लागू पडला. हे दोन्ही मान्य करूनही गोळी अर्धी करण्याला कोठे आधार मिळत नाही.

जुना_मास्तर

भरती_ओहोटी यांचे उत्तर वाचून मला आता ठाम बोलता येते. त्याच उपदेशात असे सांगितले आहे की अभ्यासाच्या आरंभी नाद मोठा आणि नाना प्रकारचा ऐकू येतो, आणि अभ्यास वाढत जाईल तसा तो सूक्ष्माहून सूक्ष्म होत जातो. आपला आवाज बारीक शिट्टीने सुरू झाला आणि वाढत गेला, म्हणजे क्रम उलटा आहे. दुसरे असे की नादात मन विरते, हे त्या साधनेचे सगळे प्रयोजन आहे. जो आवाज मनाला विसावू देत नाही आणि झोप उडवतो, त्याला नाद म्हणण्याचा आग्रह ग्रंथाच्या आधाराने तरी धरता येणार नाही. ज्येष्ठ साधकांना हे जरूर दाखवावे.

भ्रामरीविषयीही थोडे सांगतो. हठप्रदीपिकेतील भ्रामरीच्या श्लोकात कान बंद करण्याचा उल्लेखच नाही. तेथे भुंग्याच्या नादाने पूरक (श्वास घेणे) आणि भृंगीच्या नादाने मंद मंद रेचक (श्वास सोडणे) एवढेच आहे. हातांनी कान झाकण्याची रीत घेरंडसंहिता या हठयोगाच्या दुसऱ्या ग्रंथात येते. म्हणजे कान मोकळे ठेवून भ्रामरी केल्याने काही उणे पडत नाही. याच हठप्रदीपिकेच्या दुसऱ्या उपदेशात वायूला सिंह, हत्ती व वाघ यांच्याप्रमाणे हळूहळू वश करावे, नाहीतर तो साधकाचा घात करतो, असे बजावले आहे आणि अयोग्य अभ्यासाने होणाऱ्या विकारांत उचकी, दमा व खोकला यांच्यासोबत डोके, कान आणि डोळे यांच्या वेदनाही मोजल्या आहेत. कुंभकाच्या मात्रा वाढवणाऱ्या किती वर्गांत हे श्लोक शिकवले जातात, कोण जाणे.

सुरंगी

मास्तरकाकांनी माझे काम सोपे केले. आता सरळ उत्तर देते. ओंकार चालू ठेवायला हरकत नाही. खालच्या आवाजात, कान उघडे ठेवून, झेपेल तेवढाच. भस्त्रिका, कपालभाती आणि कुंभक तपासणी होईपर्यंत बंद. गोळीची मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. निजताना खोली अगदी निःशब्द ठेवू नये. पंखा किंवा समुद्राची गाज हळू आवाजात असली की शिट्टीकडे लक्ष कमी जाते. आणि आज रात्रीपासून कॉम्प्रेसरजवळ कानांवर संरक्षक मफ लावावेत, कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत.

भरती_ओहोटी

आज शहरात जाऊन आलो. कानात मळ नव्हता. चाचणीत दोन्ही कानांत उंच स्वरांची श्रवणशक्ती घटलेली निघाली, उजव्यात जास्त. कॉम्प्रेसर पॅनेलसमोर उभे राहिल्यावर नेमका त्या बाजूला येतो. तरीही दोन्ही कानांतला फरक पाहता काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी करावी आणि गरज भासल्यास पुढचा तपास करू, असे डॉक्टर म्हणाले. रक्तदाबही वाढलेला होता, गोळी पूर्ववत चालू केली आहे. कारखान्यात मफ मागितले, तर मालक म्हणाले की आजवर कोणी मागितले नव्हते, तेव्हा मी स्वतःच विकत घेणार आहे.

वर्गातील ज्येष्ठांना मास्तरकाकांचा मुद्दा सांगितला. 'ग्रंथ वेगळा आणि अनुभव वेगळा' एवढे म्हणून ते पुढे सरकले. ओंकार चालू आहे. पण भस्त्रिका, कपालभाती व कुंभक काढल्यावर बैठक फारच आखूड झाली आहे, त्या वेळात काय करावे?

जुना_मास्तर

रात्रपाळी करून आलेल्या माणसाने त्या वेळात झोपावे. उठल्यावर, संध्याकाळी पाळीला निघण्यापूर्वी, कुंभक न करता दोन्ही नाकपुड्यांनी आलटून पालटून संथ श्वास घ्यावा, पूरकापेक्षा रेचक थोडा लांब ठेवावा आणि मग ओंकाराला बसावे.

कातळशिल्प

किंवा सोऽहं.

माडबन

पट्टी अजून सांगितली नाहीत.

भरती_ओहोटी

घरी पेटी नाही. आमच्या वाडीच्या भजनात जो सूर लागतो, त्याहून खाली म्हणतो.

माडबन

मग ठीक आहे.